टोपी कोण घेणार?

मुखेडच्या बस स्टँडजवळ १९९५-९६च्या सुमारास व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं शेड. दाराला गोणपाटाचा पडदा, आत लाकडी खोक्यांत बसवलेले चार टीव्ही आणि विडीच्या धुराचा वास. पडदा दोन कारणांसाठी होता. आत अंधार असला म्हणजे काचेवरचं चित्र ठळक दिसायचं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना आतली पोरं दिसायची नाहीत. एका रुपयाला एक डाव. भारनियमनाचे दिवस होते. लाईट गेली की डावही गेला आणि रुपयाही गेला. मालक परत द्यायचा नाही, आणि मागायची आमची हिंमत नव्हती, कारण तो रुपया कुठून आला हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आम्ही म्हणजे दोघे सख्खे भाऊ आणि चाचांचा मुलगा. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, मारही बरोबरच खाल्ला. त्यामुळे त्या दिवसांबद्दल बोलताना आजही आमच्या तोंडी 'मी' येत नाही.

चार खोक्यांपैकी तीन बहुतेक वेळा रिकामी असायची. गर्दी चौथ्यापाशी. त्या गेमचं इंग्रजी नाव काचेवर यायचं ते इतकं लांब आणि आडमुठं होतं, की पाचवीपासून एबीसीडी गिरवणाऱ्या आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना ते कधी वाचता आलं नाही. पण डाव सुरू करताना चार खेळाडूंमधून एक निवडायचा असे. एक गोरा, पिळदार अंगाचा. एक बाई. एक दांडगा पहिलवान. आणि चौथा सावळा, चपळ, डोक्यावर क्रिकेटवाल्यांसारखी टोपी घातलेला. त्याचं नाव आम्ही अक्षर जुळवून जुळवून वाचलं, आणि वाचल्यावर एकमेकांकडे बघतच राहिलो. मुस्तफा.

त्या दिवसापासून त्या गेमचं नाव मुस्तफा. बरीच वर्षं आम्हाला वाटत होतं की हे बारसं आपणच मुखेडात केलं. पुढे नोकरीधंद्यासाठी गावोगाव पांगलो तेव्हा कळलं, की उदगीरला तो मुस्तफा, हैदराबादला मुस्तफा, पुण्या-मुंबईलाही मुस्तफाच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साऱ्या देशातल्या पोरांनी ते लांबलचक नाव टाकून देऊन हेच उचललं होतं.

त्याला कारणही होतं. चौघांत मुस्तफा सगळ्यांत वेगवान. पळत येऊन हवेत उडून तो अशी लाथ मारायचा, की समोरचे तिघे-चौघे एका दमात आडवे व्हायचे. एका रुपयात जास्तीत जास्त पुढे जायचं असेल तर मुस्तफा घ्यावा हा रोकडा हिशोब होता. तिसऱ्या टप्प्यात चालवायला गाडी मिळायची, तिथवर पोचणं म्हणजे गल्लीत नाव होणं. खोक्याला हँडल दोनच. एकाला मुस्तफा मिळाला की दुसऱ्याला गोऱ्यावर भागवावं लागे. त्यावरून भांडणं होत. "मुस्तफा माझा!" "काल तूच घेतलास, आज मुस्तफा मी!" ही पोरं कोण? मराठ्यांची, लिंगायतांची, हटकरांची, बौद्ध वस्तीतली, आणि आम्ही.

आता हे सांगायला हवं की ते साल कोणतं होतं. बाबरी मशीद पडून तीन-चार वर्षं झाली होती. मुखेडात तसं काही घडलं नाही, पण शाळेत हजेरी घेताना आमचं नाव आलं की मागच्या बाकावर काहीतरी कुजबुज व्हायची. एसटीत शेजारच्या माणसानं नाव विचारलं तर आमच्यातला थोरला 'बबलू' सांगायचा. तसं टोपणनाव त्याला घरात कुणी ठेवलेलं नव्हतं. प्रवासापुरतं त्यानं ते स्वतःच घेतलं होतं. अशा दिवसांत त्या शेडमध्ये पंधरा पोरं 'मुस्तफा माझा' म्हणून एकमेकांची कॉलर धरत होती. आम्ही तेव्हा याचा विचार केला असं म्हणणं खोटं होईल. फक्त तिथं बरं वाटायचं, एवढं खरं.

एका दुपारी अब्बा आले.

अब्बांचं शिलाईचं दुकान बाजारात होतं. कुणाची तरी पँट पोचवायची होती आणि आमच्यापैकी कुणीच जागेवर नव्हतं, म्हणून असरची नमाज पढून ते शोधत निघाले. त्यांनी गोणपाट बाजूला केलं, नेमकी तीच वेळ. खेळणारा आमच्याच वर्गातला. त्याचा डाव संपत आला होता. मुस्तफा खाली पडला, आणि तो पोरगा ओरडला, "मेला! मुस्तफा मेला!" पाठोपाठ एक आईवरची शिवी. सगळे हसले. आम्हीही हसत होतो.

उजेडाचा पट्टा आत आला म्हणून मागं वळून पाहिलं. अब्बा दारात उभे होते. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. ते काही बोलले नाहीत. पडदा सोडला आणि निघून गेले. मार बसला असता तर सुटलो असतो.

रात्री ते दस्तरख्वानवर आले नाहीत. अम्मीनं दोनदा बोलावलं. इशाची नमाज झाल्यावर आम्हा तिघांना समोर बसवून एवढंच म्हणाले, "जिस नाम पे सुबह-शाम दरूद पढ़ते, उस नाम कू माँ की गाली? और तुम खड़े रहके हँस रे थे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो गेममधला मुस्तफा आहे, ते नाव नव्हे, असं धाकटा पुटपुटला. अब्बा म्हणाले, "नाम एकच रैता."

रात्रभर आम्ही कुजबुजत होतो. अब्बांचं चूक आहे असं म्हणवत नव्हतं. अल मुस्तफा हे पैगंबरांचं नाव, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? मदरशात सकाळी पाठ केलं होतं. पण ज्या एका जागी आपल्यातलं नाव सगळ्यांना हवंहवंसं झालं होतं, नेमकी तीच जागा आता बंद होणार हेही सोसवत नव्हतं. आज वाटतं, बाप आणि मुलं एकच शब्द ऐकत होती आणि दोघांचेही कान खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या ओरडणाऱ्या पोराला सांगितलं. वाटलं होतं थट्टा करील. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्यात पण देवाच्या नावानं शिवी दिली तर आजी पळीनं हाणते. मग दुसरं नाव ठेवू की." आणि जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली, फारशी चर्चा न होता मुस्तफाचं नाव 'टोपी' ठेवण्यात आलं. आठवड्याभरात सगळ्या शेडमध्ये तेच रूढ झालं. मालकानं खोक्यावर खडूनं 'टोपी' असं लिहूनही टाकलं. त्यानंतर भांडण असं व्हायचं, "टोपी कोण घेणार?" शिव्या चालूच राहिल्या, पण त्या टोपीला. अब्बांना आम्ही हे कधी सांगितलं नाही. कारण तिथं जायचंच नाही असा हुकूम होता, आणि आम्ही जात होतो.

अब्बांविषयी थोडं सांगितलं नाही तर ते कुणी कर्मठ गृहस्थ वाटतील. आमच्या समजेत ते तसेच होते. घरात टीव्ही नाही. टिपू सुलतानची मालिका लागायची तेव्हा आम्ही शेजारच्या वाण्याच्या ओसरीवर बसून बघायचो, टिपूच्या विजयावर त्याच्या घरच्यांबरोबर टाळ्या वाजवायचो. सिनेमाचं नाव अब्बांसमोर काढायची सोय नव्हती. पण चाचा कधी रंगात आले की वेगळेच अब्बा सांगत. शिलाई शिकायला नांदेडला असताना आठवड्याची मजुरी हाती पडली की सरळ थिएटर गाठणारे. राजेश खन्नाचा गुरू शर्ट मुखेडात पहिल्यांदा शिवणारे. एखादा सिनेमा दोनदा पाहायचे, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा कपड्यांच्या कटासाठी. बेलबॉटमचा घेर किती ठेवायचा हे पडद्यावरून नजरेनं मोजून आणणारे.

आणि 'मुघल-ए-आझम' तर त्यांनी किती वेळा पाहिला याची गणती चाचांनाही नव्हती. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६०च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मराठा मंदिरला लागला. आमच्या भागात तो पोचला, परत आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. अब्बा दुकानात बसून अकबर आणि सलीम दोघांचेही संवाद म्हणायचे. अकबरासाठी आवाज खाली, सलीमसाठी मऊ. शेजारचा पानवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत बसायचा. चाचा म्हणत, तुझ्या बापाला पुस्तकी उर्दू मदरशात आली नाही, ती या सिनेमानं शिकवली. खरंच होतं. घरात आपण बोलतो ती दखनी, बाजारात मराठी, आणि त्या पडद्यावर बोलली जायची ती भारदस्त, दरबारी उर्दू. ती आपली म्हणायची, पण ओठावर बसायची नाही. चार-चार लेखकांनी मिळून लिहिलेले ते संवाद अब्बांनी शिलाई मशीनच्या तालावर घोटून बसवले होते.

चाचा आणखी एक गोष्ट सांगत. अब्बांना त्या नटांची खरी नावं पाठ होती. दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान, मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ. कुणी नुसतं 'दिलीपकुमार' म्हटलं की अब्बा कैचीवरून नजर न काढता 'युसूफ खान' म्हणून दुरुस्त करत. सलीम आणि अनारकली पडद्यावर आपल्या नावानं वावरत होते, आणि त्यांचं सोंग घेणाऱ्यांना मात्र आपलं नाव बाहेर ठेवून यावं लागलं होतं. एसटीतल्या 'बबलू'ची आठवण आम्हाला हे ऐकताना हटकून व्हायची.

पुढे, १९८८च्या आसपास, अब्बा जमातीबरोबर चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला गेले. परत आले ते दाढी ठेवून. सिनेमा सुटला, संवाद सुटले. घरात संवादांची एक कॅसेट होती, ती त्यांनी पानवाल्याला देऊन टाकली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणाला उपदेशही केला नाही. स्वतःपुरतं सोडलं. आम्ही लहान होतो, आम्हाला फक्त नंतरचे अब्बा मिळाले. मोठे झाल्यावर आम्ही त्यांच्यावर मनातल्या मनात बराच राग धरला. आपल्या समाजात माणसं दीनकडे वळली म्हणजे आधी गाणं-बजावणं, सिनेमा यांवरच का कुऱ्हाड पडते, हा प्रश्न आम्ही मित्रांत तावातावानं मांडायचो. प्रश्न आजही तसाच आहे. पण ज्याच्याजवळ सोडण्यासारखं ते एकच सुख होतं आणि तेच ज्यानं सोडलं, त्याच्याबद्दल बोलताना आता पूर्वीसारखा आवाज चढत नाही.

इथं आपाची गोष्ट आठवली. आम्ही 'आम्ही' म्हणतो त्यात ती नाही, कारण मुलींना त्या शेडच्या दिशेनंही जाता येत नव्हतं. तिचा आणि अम्मीचा सिनेमा वेगळा. बी. आर. चोप्रांचा 'निकाह', १९८२चा. खालाच्या घरी लग्न होतं तेव्हा रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणलेला, सोबत तीन कॅसेट. पुरुष झोपल्यावर बायकांनी 'निकाह' लावला. तलाकच्या प्रसंगाला साऱ्या खोलीत हुंदके. त्या रात्री त्या खोलीत अशा दोघी होत्या ज्यांना तो शब्द प्रत्यक्ष ऐकावा लागला होता. आपा सांगते, त्या दोघी मात्र रडल्या नाहीत, डोळे न मिटता बघत राहिल्या. चित्रपट संपल्यावर त्यांतली एक म्हणाली, "पिच्चरमें तो औरत कू बोलने देते." आमच्या घरातल्या बायका आजही तो सिनेमा लागला की कामं टाकून बसतात. पुरुषांना तो कधीच विशेष वाटला नाही. पुरुष नुसती गाणी गुणगुणतात.

२००४च्या नोव्हेंबरमध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन पुन्हा थिएटरांत आला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद दोन-चार दिवसांच्या अंतरानं आली होती. आमच्यातला थोरला तेव्हा पुण्यात नोकरीला होता. ईद करून तो परत निघाला तेव्हा आम्ही दोघेही त्याच्याबरोबर गेलो, आणि तिघांनी मिळून तो पाहिला. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास आम्ही कंटाळलो. संवादांचा वेग आमच्या सवयीचा नव्हता. मग पृथ्वीराज कपूर बोलायला लागले, आणि आम्हाला तो आवाज ओळखीचा वाटू लागला. कुठं ऐकला? धाकटा म्हणाला, "अब्बा रागावतात तेव्हा असेच थांबत थांबत बोलतात." त्यानंतर आम्हाला पडद्यावर निम्मे अब्बाच दिसत राहिले. 'नाम एकच रैता' हे वाक्यसुद्धा त्यांनी असंच थांबून म्हटलं होतं.

मुखेडला आल्यावर चोरून पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण आपानं फोडलं. अब्बा काजं करत बसले होते. बराच वेळ सुई चालू. मग विचारलं, "पूरा रंगीन किए?"

हो म्हटलं.

"शीशमहल?"

तो तर पहिल्यापासून रंगीतच होता, आम्ही म्हणालो. मूळ चित्रपट कृष्णधवल, फक्त शीशमहलचं नृत्य आणि शेवटचा भाग रंगीत चित्रित केलेला, हे आम्ही नुकतंच कुठंतरी वाचलेलं होतं, तेवढं ज्ञान पाजळलं. अब्बांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मालूम है मेरे कू. बाकी पूरा काला-सफेद था, इसलिए वो दिखता था. थेटर में लोगां ऐसे दम रोकते थे. अब पूरेच कू रंग लगा दिए तो वहाँ क्या रुकेंगे लोग?" आणि दोरा दातानं तोडला.

आम्ही पुण्यात तो प्रसंग पाहिला तेव्हा खरोखर कुणी श्वास रोखला नव्हता. छान आहे म्हटलं आणि पाहिलं. सोळा वर्षं सिनेमा न पाहिलेल्या माणसानं, न पाहताच, ते आम्हाला सांगितलं.

त्यानंतर दोनेक वर्षांत सीडीचं युग आलं. मुखेडात मोबाईल रिचार्ज करणाऱ्या दुकानात सीडीही मिळू लागल्या. हैदराबादचा 'द अंग्रेज' तिथूनच आणला. चारमिनारपाशी बसून दिवसभर फुशारक्या मारणारा इस्माईलभाई आणि त्याची टोळी. घरात तोवर टीव्ही आला होता, तो आपाच्या मुलांसाठी म्हणून. अब्बा त्या खोलीत यायचे नाहीत, बाहेर ओट्यावर बसायचे. आम्ही आत हसून लोळत होतो आणि मध्येच लक्षात आलं, की ओट्यावरूनही हसू येतंय. अब्बांना चित्र दिसत नव्हतं. ते नुसतं ऐकत होते. 'नक्को', 'हौ', 'कायकू' हे त्यांच्या कानांवर पडत होतं, आणि एवढ्यावरच ते हसत होते. मुघल-ए-आझमची उर्दू त्यांनी मेहनतीनं कमावली होती, ही मात्र जन्माबरोबर आलेली. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला चारमिनार परका थोडाच.

या चित्रपटावर आमची एक तक्रार आहे, ती नोंदवून ठेवतो. आपली बोली पडद्यावर आली ती हसवायलाच आली. 'गुमनाम'मधला मेहमूद असो की इस्माईलभाई, दखनी बोलणारा माणूस म्हणजे विदूषक. या भाषेत माणसं रडतात, कर्ज फेडतात, मय्यतीला खांदा देतात, हे कुणी का दाखवत नाही? पण अब्बांचं ते ओट्यावरचं हसू आठवलं की तक्रार मवाळ होते.

त्याच दुकानात मालेगावच्या सीडी मिळायच्या. इथं आमचा एक घोळ झाला होता. नांदेड जिल्ह्यात माळेगाव म्हटलं की खंडोबाची यात्रा, घोडे, तमाशे. 'मालेगाव के शोले' ऐकल्यावर आम्हाला वाटलं, यात्रेत कुणी केलेलं सोंग असेल. सीडी लावल्यावर कळलं की हे नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव. तिथल्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास मित्रांना जमवून आपला 'शोले' केला. पुढे त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'च्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८मध्ये माहितीपट काढला. त्यात सायकलवर कॅमेरा चालतो, बैलगाडीची क्रेन होते. सुपरमॅन झालेला शफीक हा मागावर काम करणारा, किडकिडीत अंगाचा. २०११मध्ये तो कर्करोगानं गेला. या मंडळींवर २०२५मध्ये मोठा हिंदी चित्रपटही थिएटरांत आला. आम्हाला मात्र ती जुनी, अंधूक छपाईची सीडीच प्रिय. ती पाहून आम्ही तिघांनी 'टोपी' नावाचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं. माळेगावच्या यात्रेत शूटिंग, टोपी घालणार धाकटा. कॅमेरा कुणाकडे मागायचा इथवर येऊन ते थांबलं.

इंटरनेट हाती आल्यावर आमच्या मुस्तफाचा दाखलाही सापडला. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३मध्ये काढलेला गेम. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकमधली. मुस्तफाचं आडनाव कैरो, तो नायकाचा दोस्त आणि गाड्यांचा मेकॅनिक. आणि कथा काय, तर डायनोसॉर परत आलेल्या भविष्यकाळात त्यांची चोरटी शिकार करणाऱ्यांना रोखायचं. आम्ही इतकी वर्षं दिसेल त्या डायनोसॉरला बदडत होतो! वाचवायला पाठवलेले, आणि मारत सुटलेलो. जपान्यांनी अमेरिकेतून उचललेलं एक पात्र, त्यांच्या ध्यानीमनी नसताना, मुखेडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं होऊन बसलं होतं.

२०२०च्या रमजानमध्ये आम्ही सगळे मुखेडात अडकलो. टाळेबंदी, मशिदी बंद, तरावीह घरातच. अब्बा सत्तरीपार, पण मशीन सुटलेलं नव्हतं. उरलेल्या कापडाचे मास्क शिवून गल्लीत वाटत होते. दुपारचा रोजा जड जायचा. थोरल्याचा मुलगा बारा वर्षांचा, मोबाईलवर पडून. त्यानं कुठूनतरी तो जुना गेम मिळवला होता. आम्ही ओळखीचा आवाज ऐकून जवळ गेलो तर तोच! पोराला वाटलं, आपण शोध लावला. त्याच्या मते चित्रं अगदी भिकार होती, पण मजा होती. आपानं तर मोबाईल हिसकावून घेतला आणि त्यातली बाई निवडली. आयुष्यात पहिल्यांदा खेळत होती, आणि आमच्यापेक्षा बरी खेळली.

मग पोराची पाळी आली. तो खेळता खेळता ओरडला, "मुस्तफा मर गया!"

मशीन थांबलं.

आम्ही तिघे चाळिशीकडे झुकलेली माणसं, पण पाठीतून थंड काहीतरी गेलं. अब्बांनी चष्मा वर केला, नातवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुस्तफा नै बोलते बेटा. उसकू टोपी बोलते."

कुणालाच काही सुचेना. शेवटी धाकट्यानं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? अब्बांनी मास्कची पट्टी दुमडत सांगितलं, की त्या शेडचा मालक त्या आठवड्यातच पँटला माप द्यायला आला होता. तो म्हणाला, टेलरचाचा, तुमच्या पोरांनी नाव बदललं, आता सगळी पोरं तेच म्हणतात. "मैंने उससे सिलाई नै ली," अब्बा म्हणाले.

म्हणजे आम्ही रोज तिथं जातो हे त्यांना चोवीस वर्षं माहीत होतं.

नातू त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि मोबाईल समोर धरला. अब्बांनी आधी टोपीचा कट पाहिला, पुढची पट्टी फार लांब ठेवली असा शेरा मारला. मग पोरानं त्यांचे अंगठे धरून कुठं दाबायचं ते दाखवलं. सुईनं राठ झालेले ते अंगठे काचेवर नीट लागत नव्हते. पहिल्या वळणावरच चौघांनी घेरलं आणि टोपी आडवी झाली.

"दादा, टोपी मर गई."

अब्बांनी घड्याळाकडे पाहिलं. इफ्तारला अजून वेळ होता.

"फिर से लगा," ते म्हणाले.